छताला भोक न पाडता

मला कौतुक फार लवकर चढतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं, आणि मला ते वाऱ्यावर, धुक्यावर किंवा देवावर ढकलायचं नाही.

स्त्राझित्सा गावात बोटींची विजेची कामं मी करते. आधी वडील करायचे. दिवे, बॅटऱ्या, पंप, आणि हल्ली या सगळ्यांपेक्षा जास्त वायफाय. पूर्वी पाहुणे बोटीवर पाय ठेवला की समुद्राकडे बघून 'अहाहा' म्हणायचे. आता आधी पासवर्ड विचारतात आणि मग अहाहा म्हणतात, तेही फोनकडे बघून.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी लिव्हियोनं मला बोलावलं. त्याच्या वडिलांची 'दोब्रा नादा' ही जुनी लाकडी बोट, एके काळी वाळू आणि वाइनची पिंपं वाहायची. लिव्हियोनं तिच्या पोटात आठ खोल्या काढल्या आणि उन्हाळाभर आठवड्या-आठवड्याच्या सहली सुरू केल्या. सुकाणू मात्र अजून वडिलांच्याच, बार्बा गाश्पर यांच्या हातात. आमच्याकडे वयस्क दर्यावर्दी म्हणजे बार्बा, मग तो नात्यातला असो नसो. हे बार्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माझे वडील त्यांच्याच हाताखाली समुद्र शिकले होते.

"निवेस, राउटर खाली जेवणघरात आहे," लिव्हियो म्हणाला. "पुढच्या डेकवर उन्हात भाजून घेत पडतात ना लोक, तिथे रेंजच येत नाही. गेल्या वर्षी एका बाईनं लिहिलं, बोट छान, जेवण छान, नेट मेलेलं."

"मधे तुझी पाण्याची लोखंडी टाकी आहे आणि तो कपाटाएवढा फ्रिज. सिग्नल काय त्यातून आरपार जाणार आहे?"

"मग?"

"सुकाणूच्या केबिनमधे दुसरं यंत्र बसवते. त्याचा अँटेना केबिनच्या छतावर. तिथून पुढे नाळेच्या टोकापर्यंत सगळं मोकळं आहे."

"बसव. पण छताला भोक पाडायचं नाही. सात हात वॉर्निश दिलंय मी. एक थेंब आत गेला तर बाबा मला समुद्रात टाकतील, आणि माझ्यामागून तुला."

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, भोक नाही तर अँटेना नाही. मी म्हणाले, बघतेच. अँटेनाच्या बुडाला लोखंडी चकती होती. वडिलांच्या खोक्यात जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक पडून होतं, कॉफीच्या बशीएवढं. छताची फळी पातळ. आतून चुंबक लावलं, बाहेरून अँटेना ठेवला, आणि फळी मधे धरून दोन्ही एकमेकांना अशी चिकटली की मी दोन्ही हातांनी ओढूनही अँटेना हलला नाही. आणि छत कोरंच्या कोरं.

वडिलांचा एक नियम होता. होकायंत्रापासून दोन हात लांब लोखंड नको. केबिनमधे शिरताना ते खिशातला चाकू काढून बाहेर ठेवायचे आणि मलाही किल्ल्या ठेवायला लावायचे. हा नियम मी विसरले होते असं नाही. त्या शुक्रवारीसुद्धा मी सवयीनं किल्ल्या बाहेर ठेवल्या होत्या. आणि मग बशीएवढं चुंबक होकायंत्राच्या बरोब्बर डोक्यावर, हातभर अंतरावर बसवलं. बोट धक्क्याला असली की होकायंत्रावर पितळी टोपण घातलेलं असतं. खालची तबकडी काय करत होती हे मला दिसलं नाही, आणि मी टोपण उचलूनही बघितलं नाही. माझं लक्ष छताच्या वॉर्निशकडे होतं.

फोन घेऊन आम्ही बोटीच्या पार पुढे, नाळेच्या टोकापर्यंत गेलो. रेंज पूर्ण. लिव्हियो धक्क्यावर उतरला, पार मासे विकायच्या कट्ट्यापर्यंत चालत गेला आणि तिथून ओरडला, "अगं, इथेही येतंय. जादूगार आहेस तू."

जादूगार. दोन दिवस मी तो शब्द जिभेवर घोळवत होते.

त्या रविवारी आमची मातेची, म्हणजे देवाच्या आईची, यात्रा होती. गावातल्या सगळ्या बोटी ओळीनं मातेच्या बेटावर जातात, तिथल्या देवळात मिस्साची प्रार्थना होते, मग मासे भाजतात. पुढच्या बोटीवर मातेची तसबीर असते, आणि पुढची बोट जीपीएसच्या पडद्यावर बघून चालवायची नाही, असा गावाचा नवस आहे. कधी काळी धुक्यात सापडलेले आमचे अकरा जण नुसत्या होकायंत्रावर भरवसा ठेवून घरी पोचले होते, तेव्हापासूनचा. निघताना पाद्री डोन आल्बिन आपल्या हातानं त्या बोटीच्या पडद्यावर देवळातला पांढरा कपडा टाकतात. पुढची बोट चालवण्याचा मान एकतीस वर्षं बार्बा गाश्पर यांचा होता. गावात यापेक्षा मोठा मान नाही. सरपंच कोण होता हे लोक विसरतात, पण मातेच्या पुढच्या बोटीवर कोण होतं हे कुणी विसरत नाही.

शाळेत स्वयंपाक करणारी ओंदिना या वर्षी 'दोब्रा नादा'च्या नाळेवर उभी राहून फोनवर सगळी यात्रा दाखवत होती. आमचं अर्धं गाव अमेरिकेत, न्यू जर्सीला. तिथे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, आणि लोक गजर लावून उठले होते. "निवेस, काय झकास दिसतंय म्हणे त्यांना," ती मला ओरडून सांगत होती. "मामी रडायला लागली बघ." मी मान तिरकी करून, जसं काही विशेष नाही, असं हसत होते.

अर्ध्या वाटेत धुकं आलं. तोवर बार्बा समोरच्या बेटाकडे बघून चालवत होते, आता फक्त तबकडी उरली. वसंतात येतं ते तसंच, खालून, न सांगता. मागच्या अकरा बोटींचे नुसते भोंगे ऐकू येऊ लागले. बार्बांनी वेग कमी केला. मी केबिनच्या दारात उभी होते, लिव्हियो त्यांच्या शेजारी.

"लाट चुकीच्या बाजूनं येतेय," बार्बा म्हणाले.

"कपडा काढू का?" लिव्हियोनं विचारलं.

"हात लावायचा नाही. आपण आईला शब्द दिलाय." मग त्यांनी काचेतून पुढे पाहिलं. "पण लाट बोटीच्या डाव्या गालावर यायला हवी. ही समोरून येतेय."

"मग वळवा."

"आतला अंदाज काहीही सांगेल रे. धुक्यात अंदाजाचं ऐकणारे कितीतरी गेले. बेट दोनशे चाळीस अंशांवर, म्हणजे दोनशे चाळीसच."

त्यांची नजर तबकडीवर होती, आणि तबकडी दोनशे चाळीसच दाखवत होती. मीही पाहिलं होतं. मला ते अगदी बरोबर वाटलं.

मातेच्या बेटाच्या दक्षिणेला खडकांची रांग आहे, तिला आम्ही आजीचे दात म्हणतो. 'दोब्रा नादा' त्यांच्यावर सावकाश चढली, पण चढली. खालून लाकूड करकरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. डोन आल्बिन तसबीर धरून उभे होते, ते पडले आणि मनगट मोडून घेतलं. तसबीर दोन बायकांनी वरच्या वर झेलली. मागची एक बोट आमच्यावर येऊन आपटली. ओंदिना ओरडत होती, पण फोन काही तिनं खाली केला नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या सगळ्या मावश्या, मामा, चुलत भाऊ यांनी बार्बा गाश्पर यांना गावाची आई खडकावर घालताना पाहिलं. रेंज उत्तम होती.

बार्बा आणि लिव्हियो पाणी शिरलं का बघायला खाली धावले. पंप लावायला मी केबिनमधे गेले. धक्क्यानं पडद्यावरचा कपडा घसरला होता. पडद्यावर आमची वाट काढलेली होती, आणि धुकं आल्यापासून ती सरळ दोनशे वीसच्या दिशेनं आली होती. मी होकायंत्राकडे पाहिलं. दोनशे चाळीस. मग मी वर पाहिलं.

मी गडबडले, मला सुचलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण सुचलं होतं, आणि फार लवकर सुचलं. मी वर हात केला आणि चुंबक फळीवरून सरकवून ओढून काढलं. तबकडी फिरली आणि दोनशे वीसवर येऊन थांबली. छतावरून अँटेना घरंगळला आणि डेकवर पडला. नाळेवरून ओंदिनाचा आवाज आला, "अगंबाई, चित्र गेलं."

चुंबक मी जॅकेटच्या खिशात घातलं आणि मग पंप लावला.

लिव्हियो आधी वर आला. पडदा बघून म्हणाला, "बाबा, दोनशे वीसवर आलोय आपण. वीस अंशांनी चुकलात."

बार्बा मागून आले. "मी चाळीसच धरलं होतं. ये, बघ." ते होकायंत्रावर वाकले. आणि वाकलेलेच राहिले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे फिरलंय," ते म्हणाले.

"बोट खडकावर बसलीय बाबा. फिरेल कशी?"

"आत्ता चाळीस होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू इथे होतीस. काही हलवलंस का इथे?"

ते एक पाऊल माझ्याकडे आले. चुंबक माझ्या खिशात होतं, आणि मी होकायंत्राच्या आणखी जवळ गेले असते तर तबकडी पुन्हा फिरली असती. मी दोन पावलं मागे सरकले, दाराबाहेर.

"नाही बार्बा," मी म्हणाले. "मी फक्त पंप लावला."

त्या दिवसाची शरम मला अजून आहे ती खोटं बोलल्याची कमी आणि त्या दोन पावलांची जास्त. खोटं तोंडून निघून जातं. पावलं मोजून टाकावी लागतात.

बोट ओढून काढली, डागडुजीच्या आवारात नेली. बंदर कचेरीचा माणूस आला, त्यानं होकायंत्र तपासलं. एका अंशाचाही फरक नाही. मग गावाची जीभ सुटली. कुणी म्हणालं सकाळीच बेवांदा घेतली होती. घेतली होतीच, पाणी घातलेल्या वाइनचा एक पेला, डोन आल्बिनबरोबर, दरवर्षीसारखा. कुणी म्हणालं डोळे गेले. कॅफेत टपाल वाटणारा बेनो म्हणाला, "गाश्परनं देवाच्या आईला आजीच्या दवाखान्यात नेलं, दात बघायला," आणि सगळे हसले. मीही हसले. न हसणं उठून दिसलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

न्यू जर्सीहून फोन आले. फूमियानं, बार्बांच्या बायकोनं, फोन उचलणं बंद केलं.

दहा दिवस मी गप्प बसले. रोज सकाळी ठरवायचे आज सांगायचं, आणि रोज दुपारी एखादं कारण सापडायचं. आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत. आज पाऊस आहे. आज कुणीतरी म्हणालं, आता विषय मागे पडतोय, मग कशाला उकरा. सांगितलं असतं तर माझ्या बोटी गेल्या असत्या, हे खरं. कोण बोलावणार मला? पण खरं कारण तेही नव्हतं. मला जादूगार म्हणणारे लोक मला ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मला सोडवत नव्हती.

अकराव्या दिवशी मी लिव्हियोकडे गेले. बार्बांकडे नाही, लिव्हियोकडे. तिथेही मी सोपी वाट धरली. तो बोटीच्या पोटाखाली उभा राहून नवीन फळ्या बघत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं कॉफीचा थर्मास उघडला, झाकणात ओतून मला दिली.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"अँटेना डेकवर सापडला. छताला भोक नाही, स्क्रू नाही, डिंक नाही. बुडाला लोखंडाची चकती. मी काय दूधखुळा आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मी कॉफी प्यायले.

"हे बघ निवेस," तो हळू आवाजात म्हणाला. "तीन वर्षं मी त्यांच्यामागे लागलोय, बाबा आता उतरा. पाहुण्यांच्या सहली आहेत, विमेवाले वय विचारतात. तर माझ्याशी महिना महिना अबोला. आता स्वतःच म्हणाले, घे बाबा सुकाणू, माझ्यानं होत नाही. भांडण नाही, तंटा नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि त्यांना काय वाटत असेल?"

"आज ना उद्या वाटणारच होतं. म्हातारपण आहे ते. तू उगाच स्वतःचं नुकसान करून घेऊ नकोस. मी काही कुणाला सांगणार नाही." मग जरा थांबून त्यानं वर बघितलं. "तो अँटेना मात्र बसवून दे. या वेळी मागच्या डोलकाठीवर. पुढच्या आठवड्यात पहिले पाहुणे येतायत."

मी रागानं निघून गेले असते तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी गेले नाही. उलट मला हलकं वाटलं, एकदम हलकं, की चला, आता हे माझं एकटीचं नाही. मी त्याच दुपारी डोलकाठीवर अँटेना बसवला, पितळी पट्टी लावून, होकायंत्रापासून बारा हात लांब. रेंज पहिल्यापेक्षाही चांगली आली.

दोन दिवसांनी बोट पाण्यात उतरली, आणि सोमवारी मी तिची बॅटरी तपासायला गेले. केबिनमधे बार्बा बसले होते. सुकाणूच्या उंच खुर्चीवर नव्हे, बाजूला, दोऱ्यांच्या गुंडाळ्यावर. मांडीवर शाळेची वही होती. अंगावर घरातला स्वेटर, डोक्यावर टोपी नाही. त्यांचं कपाळ मी पहिल्यांदाच पाहिलं, वरचा अर्धा भाग पांढराफटक.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "इकडे ये. मला एक सांग. तबकडीवर किती दिसतंय तुला?"

"एकशे पंच्याण्णव."

त्यांनी वही उघडली. आधीच लिहून ठेवलं होतं, एकशे पंच्याण्णव. समोर त्यांनी बरोबरची खूण केली. पानभर आकडे होते, तारखा आणि वेळा घालून, आणि आकड्यांपुढे वेगवेगळ्या लोकांची नावं. फूमिया. बेनो. डोन आल्बिन. बोट पाण्यात उतरल्यापासून ते दिवसातून कितीतरी वेळा येऊन आकडा लिहायचे आणि मग धक्क्यावरून जो जाईल त्याला आत बोलावून विचारायचे.

"शहरात, रिएकाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "म्हणाला, या वयात असे डोळे म्हणजे नशीब. मी म्हटलं, घ्या. डोळे ठीक, होकायंत्र ठीक. मग राहिलं काय? डोकंच राहिलं ना."

"असं नका म्हणू बार्बा."

"माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. चुलीवर भांडं ठेवायची आणि शपथ घेऊन सांगायची, ठेवलंच नाही. मी तबकडी फिरताना पाहिली नाही पोरी. पण आधी चाळीस पाहिलं आणि मग वीस पाहिलं. दोन्ही खरं कसं असेल? त्यातलं एक माझ्या डोक्यानं बनवलेलं आहे. कुठलं, ते कळत नाही." त्यांनी वही मिटली. "फूमियाला मी सांगितलंय. मी भांडी विसरायला लागलो की मला इथे आणू नको. लोकांसमोर नको."

हे ते रडत सांगत नव्हते. हवामान सांगावं तसं सांगत होते. मी म्हणाले, आलेच, आणि घरी पळाले. चुंबक माझ्या कपाटात लोकरीच्या मोज्यांमधे होतं. ते घेऊन परत येईपर्यंत मी एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर मला पुन्हा काहीतरी कारण सापडलं असतं.

आधी मी छताला चुंबक टेकवून धरलं, त्याच जागी. तबकडी एकशे पंच्याण्णववरून सरकली आणि दोनशे पंधरावर थांबली.

बार्बा उठून उभे राहिले.

"अँटेना मी असा बसवला होता," मी म्हणाले. "छताला भोक न पाडता. खडकावर बोट बसली तेव्हा मी हे काढून खिशात घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा ते माझ्या खिशातच होतं. तुम्ही पाहिलं ते दोन्ही खरं होतं, बार्बा. चाळीसही आणि वीसही."

त्यांनी माझ्या हातातून चुंबक घेऊन लांब नेलं. तबकडी परत आली. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं, लहान मूल दिव्याचं बटण दाबून बघतं तसं. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसता ते गुंडाळ्यावर बसले आणि डोळे पुसू लागले. मी वाट बघत होते की ते मला मारतील, निदान शिवी देतील. माझ्या वडिलांचं नाव घेऊन काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "म्हणजे लाट बरोबर होती. समोरूनच येत होती."

"हो."

"आई गं," ते म्हणाले. "आई गं." आणि बराच वेळ चुंबक हातात धरून बसले.

मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते छताकडे बघत होते. वॉर्निशकडे, कोऱ्या फळीकडे. नंतर दारातून मागच्या डोलकाठीकडे बघितलं, तिथे नवा अँटेना चकाकत होता.

"तो कधी बसवलास?"

"गेल्या आठवड्यात."

"कुणी सांगितलं तिथे बसवायला?"

मी डोलकाठीकडे बघत राहिले.

"निवेस," ते म्हणाले. मला ते नेहमी पोरी म्हणतात. "लिव्हियोला ठाऊक आहे?"

खडकावर असताना त्यांनी मला विचारलं होतं, तेव्हा खोटं माझ्या तोंडातून लोण्यासारखं निघालं होतं. आता एकच शब्द हवा होता. नाही बार्बा, त्याला काय ठाऊक असणार. हे एक खोटं बोलले असते तर देवानंही मला माफ केलं असतं. माझी जीभ उचललीच नाही. मी जमिनीकडे बघत उभी राहिले, आणि त्यांना उत्तर मिळालं.

त्यांनी चुंबक माझ्या हातात ठेवलं. वही उघडून आजच्या तारखेपुढे माझं नाव लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात. मग म्हणाले, "रविवारी मिस्सानंतर धक्क्यावर सगळ्यांसमोर सांग. जसं झालं तसं. मला माझं डोकं गावाकडून परत हवंय."

"सांगते."

"पण त्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. एवढं माझ्यासाठी कर."

रविवारी मी सांगितलं. देवळातून उतरलेली सगळी माणसं धक्क्यावर थांबली होती. डोन आल्बिन हात गळ्यात बांधून उभे होते. मी सगळं सांगितलं: चुंबक, खिसा, दोन पावलं, तीन आठवडे. चुंबक वर धरून दाखवलं. बेनोनं खाली बघितलं. मग फूमिया पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तशीच परत जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. ती थुंकली असती तर बरं झालं असतं.

"आणि हे आणखी कुणाला ठाऊक होतं का?" मागून कुणीतरी विचारलं.

लिव्हियो वडिलांच्या दुसऱ्या बाजूला होता. चेहरा पांढरा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बार्बांनीही नाही.

"नाही," मी म्हणाले. "मला एकटीलाच."

या वेळी जीभ उचलली.

लिव्हियोनं एक हात वडिलांच्या खांद्यावर ठेवला. बार्बांनी तो झटकला नाही. त्याच्याकडे वळलेही नाहीत. बायका कुजबुजल्या की बिचाऱ्या मुलानं बापाला या सगळ्यात किती सांभाळलं, मुलगा असावा तर असा. बार्बांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि खांद्यावरचा हात तिथे असेतोवर ते उघडले नाहीत.

मग ओंदिना माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या गालाला हात लावला. "मोठी चूक केलीस गं," ती म्हणाली. "पण शेवटी सगळं खरं बोललीस." मी मान खाली घातली. ती चुंबकाची शरम आहे, असं सगळ्यांना वाटलं.